गेम ट्यूब खातो

पानेवेझिस गावात एके काळी पिक्चर ट्यूबबद्दल कुणी थट्टेने बोलत नसे. टीव्हीच्या ट्यूबा बनवणारा कारखाना गावातच होता आणि घरटी एक तरी माणूस तिथे पाळीवर जायचा. कुणाच्या टीव्हीची ट्यूब गेली की शेजारीपाजारी आजाऱ्याला भेटायला यावं तसे येऊन चौकशी करून जात. अशा गावात फेलिक्सास टीव्ही दुरुस्त करायचा. म्हणजे हलवायांच्या गल्लीत पेढे विकायचे. पण त्याचा हातच तसा होता. कारखान्यातले इंजिनियरसुद्धा घरचा टीव्ही बिघडला की त्यालाच बोलवत आणि तो म्हणेल ती पूर्व दिशा मानत.

आता तो सत्त्याहत्तर वर्षांचा आहे. कारखाना कधीच बंद पडला आणि ट्यूबवाले टीव्ही लोकांनी भंगारात काढले. फेलिक्सास बायकोबरोबर, गेनोवाइतेबरोबर, त्याच जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतो. तिला खारवलेल्या काकड्या काढून देणं आणि बास्केटबॉल बघत पंचांना शिव्या देणं, एवढीच काय ती कामं उरली होती. गेल्या शरदात मात्र दारावरची बेल वाजली, आणि दारात जुन्या शेजाऱ्याची, झेनोनासची, मुलगी मिल्दा उभी.

"फेलिक्सासकाका, ओळखलंत का?"

ओळखायला काय झालं होतं? चाळिशीची बाई झाली होती, केस आखूड कापले होते, पण भुवया त्याच. फेलिक्सासने नजर पायपुसण्याकडे वळवली. तो म्हणाला, "ये, ये. पाय पुसून ये, नाहीतर म्हातारी मला ओरडेल."

मिल्दा वीस वर्षं परदेशी राहून गावी परतली होती. जुने व्हिडिओ गेम जमवायचा तिला नाद लागला होता. टीव्हीला जोडायचे ते करडे डबे, पिवळ्या कॅसेटा, दोन बटणांचे रिमोट असलं सगळं. तिच्यासारखे आणखी तीसचाळीस जण गावात निघाले, सगळे चाळिशीतले, टक्कल पडलेले, कर्ज फेडणारे. वसंतात ग्रंथालयाच्या हॉलमध्ये दिवसभर खेळत बसायचं त्यांनी ठरवलं होतं.

"पण काका, आजकालच्या सपाट पडद्यावर ते गेम बघवत नाहीत हो. माणसाच्या नाकाचे सुद्धा चौकोन दिसतात. ट्यूबच पाहिजे. पाच टीव्ही गोळा केलेत, पाचही बंद. गावात हे काम करणारे तुम्हीच उरलात."

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणून मिटलं. असा तो पहिल्यापासूनच. गोष्टीची सुरुवात पण तिथूनच झाली होती.

पंच्याण्णवचा उन्हाळा. संध्याकाळी बास्केटबॉलचा अंतिम सामना, आपला संघ मैदानात, आणि गावात त्या दिवशी लग्न असतं तर नवरदेव आला नसता. कुणालाच नाही म्हणता न आल्याने दुपारपासून फेलिक्सास या घरातून त्या घरात पळत होता. झेनोनासच्या घरी छोटा रंगीत टीव्ही होता, चित्र लुकलुकत होतं. दोष किरकोळ, आतल्या तारेचा एक टाका सुटलेला. झेनोनास बियर आणि सुके मासे आणायला गेला होता. घरात दहा वर्षांची मिल्दा एकटी. तिने हौसेने बॅटरी धरली.

"काका, यात वीज कुठून येते?"

"बोलू नकोस. उजेड सरळ धर."

ट्यूबच्या मागच्या निमुळत्या मानेवर एक सॉकेट बसवलेलं असतं. ते सरळ ओढायचं असतं, पिळायचं नसतं. शिकाऊ पोरालासुद्धा हे पहिल्या दिवशी सांगतात. फेलिक्सासला अजून तीन घरं गाठायची होती. त्याने पिळलं. काचेची मान केसाएवढी तडकली आणि आत हवा शिरली. सुस्स. बस, एवढाच आवाज. मानेजवळ आतून चांदीसारखा चकचकीत पट्टा असतो, तो बघता बघता दुधासारखा पांढरा पडला.

"काका, कसला आवाज झाला?"

तेवढ्यात झेनोनास पिशवी घेऊन आत आला. "काय मिस्तरी, दिसतोय ना सामना?"

फेलिक्सासने काय करायला हवं होतं हे तुम्हाला-आम्हाला कळतं, त्यालाही कळत होतं. पण समोर झेनोनास उभा. कारखान्यात ट्यूबा तपासणारा माणूस. त्याच्यापुढे ट्यूबची मान पिळून तोडली म्हणायचं? उद्या अख्खी पाळी हसली असती. फेलिक्सासची नजर टीव्हीशेजारच्या करड्या डब्यावर गेली.

"यावर कोण खेळतं?"

"ही. दिवसभर. का?"

"मग झालं. गेम ट्यूब खातो, झेनोनास. तेच तेच चित्र तासन्‌तास. आतून पोखरली गेली बघ."

"नाही बाबा!" मिल्दा म्हणाली. "काकांचा हात सटकला. सुस्स आवाज आला, मी ऐकला!"

झेनोनासने तिच्या थोबाडीत मारली. "मोठ्या माणसावर आळ घेतेस? वर खोटं बोलतेस?" आणि त्याने तो डबा उचलून बाल्कनीतून खाली भिरकावला.

सामना सगळ्यांनी फेलिक्सासच्या घरी बघितला. बारा माणसं, झेनोनाससुद्धा. मध्येच गेनोवाइतेने कचरा टाकायला पाठवलं तेव्हा फेलिक्सासला अंगणात मिल्दा दिसली. ती गवतातून कॅसेटचे तुकडे वेचत होती. तिने वर बघितलं. तो बादली घेऊन तसाच परत फिरला, कचरा न टाकता.

पुढच्या आठवड्यात झेनोनासने कारखान्यातून नवी ट्यूब आणली, फेलिक्सासने ती बसवली आणि जुनी "मी टाकतो" म्हणून घेऊन गेला. टाकली मात्र नाही. तळघरातल्या खोलीत, बटाट्यांच्या पेटीमागे, घोंगडीत गुंडाळून ठेवली. का ठेवली, हे त्यालाच सांगता आलं नसतं. गेनोवाइते तेवढी म्हणायची, "अरे, एक तर ती टाक, नाहीतर बोलून टाक. नुसतं इतकी वर्षं अंडं उबवतोयस."

एकदा बोललेलं खोटं एकटं राहत नाही. महिन्याभरात अंगणातले आईबाप त्याला गाठून विचारू लागले, "मिस्तरी, खरंच का हो गेमने ट्यूब जाते?" नाही म्हणावं तर झेनोनासच्या कानावर जाणार. तो मान हलवायचा. ट्यूबवाल्या गावात खुद्द फेलिक्सासने सांगितलं, म्हणजे ते ब्रह्मवाक्य. घराघरांतले डबे कपाटाच्या वर गेले, कुलुपात गेले, आजीच्या गावी गेले. एका घराने तर डबा देऊन कोंबड्या आणल्या. आणि दर वेळी फेलिक्सासला ती गवतात वाकलेली पोर दिसायची. शरम वाटते तेव्हा माणूस लहान होतो म्हणतात. फेलिक्सासचं उलट झालं, त्याचं नाव वाढत गेलं. ते त्याला जास्त बोचायचं.

या हिवाळ्यात मिल्दा दर मंगळवारी येऊ लागली. खसखशीचा रोल आणायची, स्टूल ओढून बसायची आणि न सांगता बॅटरी धरायची. चाळीस वर्षांची बाई, पण उजेड तितकाच सरळ. फेलिक्सासचे हात आता थरथरतात. मानेवरचं सॉकेट काढताना तो श्वास रोखून, केस विंचरावेत इतकं हळू, सरळ ओढायचा.

"किती जपून काढता हो काका!"

तो पुढच्या टाक्याकडे वळला.

तिने त्या दिवसाचं नाव कधीच काढलं नाही. एकदाच, चहा पिता पिता हसून म्हणाली, "लहानपणी मी फार खोटं बोलायचे म्हणे. बाबा अजून सगळ्यांना सांगतात, हिच्या बोलण्यावर जाऊ नका म्हणून." फेलिक्सासला खसखस घशाशी लागली. गेनोवाइतेने पाणी आणून दिलं आणि त्याच्याकडे असं बघितलं, की तो खोकत राहिला, थांबेचना.

मार्चमध्ये मिल्दा एक पिशवी घेऊन आली. आत काळे टीशर्ट. त्यांवर ट्यूबचं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: गेम ट्यूब खातो.

"आमच्या पिढीचं हे वेदवाक्य आहे, काका! प्रत्येकाच्या बापाने हेच ऐकवून गेम काढून घेतला. आणि मूळ वाक्य तुमचं! हॉलमध्ये सुरुवातीला तुम्ही माइकवर उभं राहून एकदाच म्हणायचं. लोक वेडे होतील."

"मी कशाला..."

"असं कसं? मान तुमचाच."

त्या रात्री त्याने जेवणात मीठ नाही म्हणून भांडण उकरून काढलं. गेनोवाइतेने सरळ मीठदाणी त्याच्यापुढे आपटली. "मिठाचं नाव सांगू नकोस. खाई त्याला खवखवे."

शनिवारी भर दुपारी तो ग्रंथालयाच्या हॉलमध्ये आला. बगलेत घोंगडीचं गाठोडं. मिल्दाला वाटलं, हत्यारं असतील. पाचही टीव्ही सुरू, तीस वर्षांपूर्वीचे आवाज टुंग टुंग वाजत होते. पोट सुटलेली माणसं जमिनीवर मांडी घालून "मला दे, माझी पाळी!" म्हणून भांडत होती. सगळ्यांच्या छातीवर त्याचं वाक्य. फेलिक्सासला पळून जावंसं वाटलं. सरळ मागच्या दाराने.

मिल्दाने माइक हातात घेतला. "आणि आता, ज्यांच्यामुळे आपलं बालपण कपाटाच्या वर गेलं, ते फेलिक्सासकाका!"

टाळ्या, शिट्ट्या. "म्हणा काका! म्हणा!"

"गेम ट्यूब खात नाही," फेलिक्सास म्हणाला. "कधीच खात नव्हता. मी खाल्ली ती ट्यूब."

हॉल हसून लोटपोट झाला. कुणी ओरडलं, "वा, काका! तीस वर्षांनी उतारा!" हे मात्र त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. कबुली द्यायला तो रात्रभर स्वतःला तयार करत होता आणि लोकांना ती थट्टा वाटली. क्षणभर त्याला मोह झाला. हसू द्यावं, बसावं, संपलं. मग त्याने टेबलावर घोंगडी उलगडली. आत भोपळ्याएवढी जुनी ट्यूब, तिच्या मानेजवळ दुधासारखा पांढरा डाग.

"इथे कारखान्यातलं कुणी आहे का?"

मागून एक वयस्कर बाई उठली, कारखाना बंद पडल्यापासून ग्रंथालयात फरशी पुसायला यायची ती. जवळ येऊन तिने चष्मा सावरला. "हवा शिरली आहे. मान तडकल्याशिवाय असं होत नाही. हे गेमचं काम नव्हे, कुणाच्या तरी हाताचं आहे."

हसणं एकेक करून थांबलं. फेलिक्सासने माइक बाजूला ठेवला. "ही मिल्दाच्या घरची ट्यूब. पंच्याण्णव सालची. माझा हात सटकला. ती दहा वर्षांची होती, ती खरं बोलली. मी गप्प राहिलो आणि तिला थोबाडीत बसली. मला लाज वाटते. तेव्हापासून वाटते."

 मिल्दाने खिशातून फोन काढला. झेनोनास गुडघ्याचं ऑपरेशन करून गावाबाहेरच्या घरी पडून होता. तिने स्पीकर चालू केला आणि फोन फेलिक्सासपुढे धरला.

"बाबांना सांगा. मोठ्याने बोला, त्यांना कमी ऐकू येतं."

"झेनोनास!" फेलिक्सास ओरडला. "मी फेलिक्सास! तुझी ट्यूब मी फोडली होती! पोरगी खरं बोलत होती!"

पलीकडून आधी कोंबड्या ऐकू आल्या.

"मला ठाऊक आहे," झेनोनास म्हणाला. "सामना संपल्यावर घरी आलो, तेव्हा तो पांढरा डाग बघितला मी. सतरा वर्षं ट्यूबा तपासल्यात, मला कळणार नाही? पण तोवर डबा फेकून झाला होता, पोरीला मारून झालं होतं. आता मागे कसं घेणार, असं वाटलं. मग राहूनच गेलं." त्याने खाकरून विचारलं, "ती आहे का तिथे?"

मिल्दाने फोन बंद केला. फेलिक्सासला वाटलं होतं, ती रडेल, नाहीतर त्याला चार शब्द सुनावेल. त्याने ऐकून घेतले असते. ती ट्यूबजवळ गेली आणि त्या डागावरून बोट फिरवत राहिली.

"म्हणजे दोघांनाही ठाऊक होतं," ती म्हणाली. "आणि मला वाटत होतं, मीच खोटी. इतक्यांदा ऐकलं, की आता मला तो आवाज आठवतसुद्धा नाही. काका, कसा होता तो? करून दाखवा."

भरल्या हॉलमध्ये, चाळीस माणसांच्या छातीवरच्या आपल्याच वाक्यापुढे उभं राहून, सत्त्याहत्तर वर्षांच्या फेलिक्सासने दात जुळवले आणि आवाज काढला.

"सुस्स."

"हो," मिल्दा म्हणाली. "असाच होता."