हातावरचा चट्टा

अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी माझ्या मनगटाजवळच्या फिकट चट्ट्यावर पेनाचं टोक टेकवलं आणि डोळे मिटून सांग म्हणाल्या, कुठं लागतंय. मला काहीच लागलं नाही. कुष्ठरोग, त्या म्हणाल्या. सहा महिने गोळ्या घ्यायच्या, पूर्ण बरा होतो, आणि गोळ्या सुरू झाल्या की तुझ्यापासून कोणाला लागत नाही. मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकतो, मला हे पटायला हवं होतं. पण त्या पुढे म्हणाल्या, "घरच्यांनाही तपासणीला आण," आणि मी बाही खाली ओढली.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. हे ऐकून घरचे मला जवळ करतील का, एवढी एकच भीती होती. त्यात बहिणीच्या लग्नाची बोलणी चालू होती.

शनिवारी अकोल्याला घरी गेलो. मी आणि बहीण लहानपणापासून आईच्याच ताटात जेवतो. त्या दिवशी मी ताट वेगळं घेतलं, जेवून स्वतः घासून ठेवलं. रविवारीही तेच.

"काहून रे," आई म्हणाली, "आमच्यासंगं जेवाची लाज वाटून राहिली का तुले?"

"तसं नाही व माय."

"साहेब झाला तो," बहीण म्हणाली. "त्याले चमचा दे."

मला हसता आलं नाही. बहीण शेजारी गेल्यावर मी बाही वर केली. मॅडमचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, दोनदा. आईनं भर दुपारी दार लोटून घेतलं.

"कोणाकोणाले मालूम आहे?"

"रूमवरच्या एकाले."

"तो रायते अजून तुयासंगं?"

"रायते."

ती चट्ट्याकडे बघत राहिली. हात लावला नाही.

बाबा ऑटो लावून आले, तेव्हा तिनंच त्यांना आत नेलं. मी ओट्यावर बसलो. आतून नुसती कुजबुज येत होती. बाबांचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. ते बाहेर आले आणि माझ्यापासून हातभर लांब उभे राहिले.

"बोटं चालतात ना?"

मी मूठ मिटून उघडून दाखवली.

"गुरुवारी येतो आमी तपासाले. पोरीलेही आणतो." मग म्हणाले, "बुधवारी तिले पाहाले पावने येऊन राहिले. तू नको येजो."

मी हो म्हटलं. ते तसेच उभे राहिले, मीही उठलो नाही.