दादाच्या जागा आणि आतलं मशीन

मासेमारीची बंदी उठायला आली की करंज्याच्या बंदरात माझ्या थोरल्या भावाच्या अंगात येतं. त्या वर्षी तो बोटीवरचं जुनं जीपीएस पिशवीत घालून थेट पनवेलला माझ्या घरी आला. यंत्र मरायला टेकलं होतं आणि दादाच्या सगळ्या जागा त्यातच होत्या: पापलेट कुठे मिळतं, पाण्याखालच्या कुठल्या खडकावर जाळं फाटतं. काही तर बाबांनी शोधलेल्या. या जागा बोटीवर जाणाऱ्यालाच सांगतात. लेकीला नाही, मग ती कितीही शिकलेली असो. मला याचा लहानपणापासून राग.

"नव्या यंत्रात घालून दे, बाय," दादा म्हणाला. "पन तुझ्या कंप्युटरला कलता कामा नाय. नेटवर गेलं तर उद्या अख्खं बंदर माझ्या जागंवर."

जुन्या यंत्राचं सॉफ्टवेअर जुन्याच विंडोजवर चालतं. न्हावा शेव्याच्या कंटेनरांची कामं करणाऱ्या आमच्या ऑफिसातही असलं एक म्हातारं सॉफ्टवेअर आहे. त्यासाठी आम्ही व्हर्च्युअल मशीन वापरतो, म्हणजे कंप्युटरच्या पोटात दुसरा कंप्युटर. बाहेरचा देईल तेवढंच आतल्याला मिळतं. घरीही मी तसंच मशीन तयार केलं आणि दादासमोर तोऱ्यात एकेक वाट बंद केली: इंटरनेट, पेनड्राइव्ह, कॉपी-पेस्ट. शिवाय बंद केलं की आतल्याने सगळं विसरायचं, अशीही सोय केली. फक्त जुन्या यंत्राची जाड वायर तेवढी आत जाऊ दिली. जागा भराभर पडद्यावर उमटल्या.

"आल्या!" मी ओरडले आणि चहा टाकायला गेले. परत येते तर दादाने जुन्या यंत्रातल्या सगळ्या जागा पुसून टाकलेल्या. का, तर भंगारवाल्याच्या हाती जागा लागायला नकोत! पुसलं आणि त्या यंत्राने जीवच सोडला. बटण दाबून दाबून माझा अंगठा दुखला.

आता जागा उरल्या फक्त आतल्या मशीनमध्ये. म्हटलं, दोन्हीकडून दिसेल असा एक फोल्डर उघडू, की झालं काम. तेव्हा कळलं, तो काय किंवा बंद केलेली दुसरी कुठली वाट काय, उघडायला आतलं मशीन एकदा बंद करून चालू करावं लागणार. आणि बंद केलं की ते सगळं विसरणार! अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगाच नाही. बाबांच्या जागा माझ्या हातून जाणार होत्या, आणि मी काही केलं नाही तरी लाइट गेली की जाणारच होत्या.

"फोटो काढते," मी म्हटलं.

"फोनात? तो फोटो परस्पर कुठं जाईल, तुला तरी कलंल काय?"

मी भडकलेच. "मग तूच वाच! पडदा दिसतोय ना अजून? तू वाच, मी नव्या यंत्रात घालते."

दादा वाचू लागला. आधी नुसते आकडे. पण नुसते आकडे वाचणं त्याला जमेना. "हितं थंडीत घोल मासली लागते." "हितं बाबांचं नवं जालं फाटलं, घरी येऊन बाबा जेवले नाय." "हा खडक ओहोटीला वर येतो. आमी बुडता बुडता वाचलो हितं." हे घरात कधी कोणी बोललं नव्हतं. मी बटणं दाबत होते आणि कान टवकारून ऐकत होते.

शेवटची जागा आत गेली. दादाने नवं यंत्र हातात घेऊन सगळ्या जागा पडद्याशी ताडून पाहिल्या आणि मान हलवली. मग मी आतलं मशीन बंद केलं आणि दोघांनीही मोठा श्वास सोडला.

"दादा, आता मलाबी सगल्या जागा माहीत झाल्या," मी भीत भीत म्हटलं.

त्याने यंत्र पिशवीत ठेवलं. "बरं झालं, बाय. बाबा गेल्यापासून मी एकलाच जपत होतो."

मला रडू आलं, आणि बरंही वाटलं. मी उठून पुन्हा चहा टाकला.