मंदारची ॲनिमे-यात्रा

आमच्या मंदारचे किस्से सांगायला बसलं की चहा थंड होतो, लंच अवर संपतो, पण मंदार काही संपत नाही. मी पुण्याची, कौतुक जरा बेतानंच करते. पण या माणसापुढे माझा नाइलाज आहे!

मंदार मूळचा नागपूरचा. कॅलिफोर्नियात, सांता क्लाराच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसतो. गेल्या वर्षी नोकरी बदलून न्यू जर्सीहून इकडे आला आणि त्याच्या तेरा वर्षांच्या सईच्या सगळ्या मैत्रिणी तिकडेच राहिल्या. पोरगी बापावर रुसली ती रुसलीच. "ओके" आणि "फाइन", एवढाच संवाद. बाकी वेळ खोलीचं दार बंद आणि आत जपानी ॲनिमे. तिची लाडकी मालिका घडते सॅन फ्रान्सिस्कोत. मंदारनं ती एका वीकेंडमध्ये बघून काढली आणि मला म्हणाला, "पोरगी दार उघडून नाही राहिली न यार. आता कार्टूनमधूनच आत घुसतो!"

तेव्हापासून दर शनिवारी मालिकेतली एकेक जागा शोधायची आणि हुबेहूब तसाच फोटो काढायचा. मलाही ॲनिमेचं वेड, म्हणून मीही सोबत. सई मागच्या सीटवर, कानात हेडफोन.

*

पहिल्याच वेळी टेकडीवर लख्ख ऊन. आणि मालिकेत तिथे दाट धुकं! मंदार हलायला तयार नाही. दुपार झाली, डबा संपला. शेवटी एकदाचं धुकं आलं. आजूबाजूचे टूरिस्ट वैतागून गाड्यांकडे पळाले आणि हा एकटा टाळ्या वाजवतोय, "आलं रे आलं!"

*

मंदारची आई, सुलभाकाकू, नागपूरहून आल्या होत्या. त्यांनाही नेलं. जागा होती एक लाँड्रोमॅट, मालिकेतली नायिका तिथे कपडे धुते.

"कशाचं स्थान आहे रे हे?" काकूंनी विचारलं.

"आई, आमचं तीर्थक्षेत्रच समज."

काकूंनी निमूटपणे दाराशी चपला काढल्या. आमच्या मागून दोन अमेरिकन पोरं आली, तीही त्याच मालिकेची फॅन. त्यांनी काकूंकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं आणि बूट काढले!

*

डोनटच्या दुकानातल्या आजीबाईंना पत्ताच नव्हता की आपलं दुकान ॲनिमेत आहे. मंदारनं फोनवर दाखवलं. त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या बोर्डाचे अर्धे दिवे कधीचे गेलेत. या चित्रवाल्यांनी सगळे लावलेत!"

पुढच्या वेळी गेलो तर बोर्ड पूर्ण पेटलेला. आणि मंदारला डोनट फुकट.

*

एका दृश्यात जपानी चित्रकारानं आपल्या सवयीनं गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला उभी केली होती. म्हणून मंदारनंही तशीच केली, उजवीकडून चालणाऱ्या अमेरिकेत उलट्या दिशेनं! मागे लगेच पोलीस. सई लाजून सीटखाली गायब. मंदारनं साहेबांना शांतपणे चित्र दाखवलं. साहेबांनी ते नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "चित्रातल्या गाडीलाही दंडाचं तिकीट द्यायला हवं. काढा फोटो लवकर, मी ट्रॅफिक बघतो."

नागपूरकरांना जगात कुठेही माणसं भेटतात, हे मी तेव्हा मान्य केलं.

*

आणि परवाचा शनिवार. मालिकेचं शेवटचं दृश्य, समुद्राकाठचा एक रिकामा बेंच. फोटो सईच काढते आणि त्या बाबतीत ती भलतीच कडक. चित्रात नाही ते फोटोत नाही. एकदा तर तिनं बापाची नुसती सावली पडली म्हणून फोटो डिलीट केला होता.

त्यामुळे मंदार आपणहून लांब, कचऱ्याच्या डब्यापाशी जाऊन उभा राहिला. सईनं फोन धरला. बराच वेळ धरून ठेवला. मग हेडफोन काढला.

"बाबा, तिकडे काय उभा आहेस? बेंचवर बस ना."

मंदार गोंधळला. "अगं, पण चित्रात बेंच रिकामा आहे!"

"आय नो," सई म्हणाली. "तू बस."