नुहाद खुर्चीत बसली तो दिवस

नुहादनं आणि मी एकवीस वर्षं एकाच वर्गात शिकवलं. पहिलीचा वर्ग, आणि बाया दोन. ती अरबीतून बोलणार, मी हिब्रूतून, आणि भाषांतर करायचं नाही हा आमच्या शाळेचा दंडक. ज्याला कळलं नाही त्याला करून दाखवायचं.

करून दाखवण्यात नुहादचा हात धरणारं कोणी नव्हतं. यंदा ओफिरला अरबीतला घोडा कळेना, तेव्हा ही पंच्याण्णव किलोची बाई खिंकाळत वर्गाला दोन चकरा मारून आली. ज्यू मुलं आम्हा शिक्षकांना सरळ नावानं हाक मारतात. मी एकवीस वर्षं तिर्झाच राहिले. तिला मात्र सगळी पोरं 'बाई' म्हणत. मला याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू?

घोडा होणारी ही बाई एका गोष्टीला घाबरायची. आमच्याकडे वाढदिवसाच्या मुलाला फुलं बांधलेल्या खुर्चीत बसवतात आणि जितकी वर्षं तितक्या वेळा उचलतात. रीत मुळात आम्हा ज्यूंची, पण शाळेत अरब पोरंच जास्त हौसेनं बसतात. वर जाताना आकडा हिब्रूत, खाली येताना अरबीत. शिक्षकही सुटत नाहीत. सुटली ती फक्त नुहाद.

"तुझा वाढदिवस कधी गं?" विचारलं की म्हणायची, "आई सांगायची, ऑलिव्हची तोडणी चालू होती, म्हणजे ऑक्टोबर. कचेरीतल्या माणसानं जून लिहिला. मग जूनमधला वाढदिवस त्याचा. त्यालाच उचला!"

खरं कारण मला माहीत होतं. खुर्ची मोडेल आणि मुलं हसतील, ही धास्ती.

या जूनमध्ये ती निवृत्त होणार होती. मुख्याध्यापिकेनं मुलांना सांगितलं, "बाई बासष्ट वर्षांच्या होणार ना, म्हणून आता घरी बसणार." इथंच घोळ झाला.

शेवटच्या दिवशी नुहाद नवा हिरवा झगा घालून आली. मला कोपऱ्यात ओढून म्हणाली, "तिर्झा, आज बसते. एकदाच. शावकीला सांग, पाठीला पट्टा बांधून ये."

शावकी म्हणजे आमचा खेळाचा मास्तर. तो मुलांच्या दोन बापांना घेऊन आला. नुहाद डोळे घट्ट मिटून खुर्चीत बसली. पण मुलांनी हात लावल्याशिवाय खुर्ची उचलायची नसते, आणि अठ्ठावीस पोरं हात पाठीमागे बांधून उभी.

नुहादनं एक डोळा उघडला. तिचा चेहरा पडला. "बघितलंस? माझ्या वजनाला घाबरली पोरं."

"अरे, नुसता हात लावा!" मी ओरडले. "वजन शावकी उचलेल."

"नाही लावणार," पुढं उभी असलेली चिमुरडी रनीन म्हणाली. "उचललं की बाई बासष्टच्या होतील. मग जातील."

"नाही उचललं तर एकसष्टच!" ओफिर म्हणाला. सगळ्या वर्गानं माना डोलावल्या. मैदानावर, दोन्ही भाषांत, कट शिजला होता म्हणे.

पुढच्या वर्षी या वर्गात मी कुणाशी भांडणार, हेच मनात आलं. नुहाद आधी हसली, मग रुमालाच्या टोकानं डोळे पुसले, आणि मग एकदम मास्तरणीचा आवाज काढला.

"आजवर मला एकदाही कुणी उचललं नाही. तर मग मी किती वर्षांची?"

रनीननं बोटं उघडली, मिटली. "शून्य."

"बाई अजून जन्मालाच आल्या नाहीत!" ओफिर किंचाळला.

"मग बघता काय? घाला जन्माला!"

पोरं खुर्चीवर तुटून पडली. एक! खुर्ची कलली, नुहाद "या अल्ला!" म्हणून शावकीच्या केसांना लोंबकळली. तीनला तिची चप्पल फळ्यावर आपटली. मुलं हसलीच, पण तीही खिदळत होती. सहा झाले आणि रनीननं हात वर केला.

"थांबा! सहा म्हणजे पहिली. बाई आता आपल्या वर्गात!"

टाळ्या पडल्या. शावकी पाठ धरून जमिनीवर बसला.

"पण आपण तर आता दुसरीत जाणार," ओफिर म्हणाला.

खुर्चीचे दोन्ही हात नुहादनं घट्ट धरले.

"शावकी, ऊठ! अजून एक! मला एकटीला मागं ठेवून जाता का रे?"