मातीचा रंग

कळंब्याहून येणारा आमचा टीव्हीवाला पडद्याचा रंग माणसांच्या चेहऱ्यांवरून लावत नाही. तो एक जुनी कुस्ती टीव्हीवर लावतो आणि आखाड्याची माती मनासारखी लाल दिसेपर्यंत रिमोट दाबत बसतो. "माती जमली की माणसं आपसूक जमत्यात," असं म्हणतो, तेही शेजारच्या गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

गेल्या वर्षी आई म्हणायला लागली, टीव्ही पिवळा दिसतोय. मला तर तो ठीक दिसत होता. त्यानं येऊन कुस्ती लावली, थोडा वेळ टीव्हीऐवजी आईकडेच बघत बसला आणि मग रिमोट तिच्या हातात दिला. "मावशी, माती बरोबर आली की थांबा." आई थांबली तेव्हा पैलवान निळेजांभळे झाले होते. मी तोंड उघडणार, तोच त्यानं डोळ्यांनी मला गप्प केलं. जिन्यात मात्र, पहिल्यांदाच हळू आवाजात, म्हणाला, "टीव्हीला काय झाल्यालं न्हाय. मावशींचं डोळं दाखवून आणा."

मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, आणि घरी येऊन टीव्ही लावताच आईनं त्याला बोलावून घेतलं.

"मागच्या बारीला काय करून गेलतास रं? सगळी माणसं निळी पडल्यात."

त्यानं कुस्ती लावली, माती परत लाल केली आणि रिमोट आईच्या हातात ठेवला.

"व्हय मावशी," तो म्हणाला, "माझंच चुकलं."