झिमरमनसाहेबांचा हुद्दा

मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो कासमचाचा मुकादमांचा. महिन्यापूर्वी रत्नागिरीहून त्यांच्या मुलाचं, अमीनचं, पत्र दोहाला आलं. "अब्बा गेले. तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं, पण त्यांना कळलं की नाही, सांगता येत नाही..." तेव्हापासून तेवढंच डोक्यात घोळतंय.

साठ सालच्या सुमाराला मी श्रीवर्धनहून इथल्या तेल कंपनीत आलो. घरातला पहिला पदवीधर, नोकरी मात्र कच्ची. चाचा हेडक्लार्क. तरुणपणी ते जर्मन बोटीवर खलाशी होते. जर्मन तंत्रज्ञांची तुकडी येणार म्हणून आम्ही फाटकाचे पास करत होतो आणि चाचा एकेक नाव उलगडून सांगत होते. म्युलर म्हणजे गिरणीवाला, श्मिट लोहार, श्नायडर शिंपी, झिमरमन सुतार. लुडविग म्हणजे लढाईत नाव कमावलेला. "आपल्यासारखंच रे, धंदा गेला, नाव राहिलं." मी भराभर टाइप करत होतो. नावापुढे हुद्द्याचा रकाना होता, कानात चाचांचा आवाज... लुडविग झिमरमनपुढे मी 'कारपेंटर' टाइप केलं.

ते मुख्य इंजिनिअर निघाले. सुताराला यंत्रांकडे सोडायचा हुकूम नव्हता, म्हणून पहारेकऱ्याने त्यांना दोन तास उन्हात अडवून ठेवलं.

"अरे बी.ए., तुझं आडनाव काय?" पास माझ्यापुढे धरून चाचांनी विचारलं.

"तांडेल."

"म्हणजे नावेवरचा म्होरक्या. हाकतोस बोट?"

"चाचा, मला पोहतासुद्धा येत नाही."

"मग त्या गरिबाच्या हातात रंधा कशाला दिलास?"

ते हसले. मला हसू येईना. कच्च्या नोकरीवाल्याला अशा चुकीसाठी पहिल्या बोटीने घरी पाठवत. कंपनीच्या साहेबांनी आम्हाला बोलावलं, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत चाचा म्हणाले, "टाइप मी केलं." त्यांची बदली दुखानच्या वाळवंटातल्या गोदामावर झाली. दम्याचा माणूस, निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. मी गप्प बसलो, कायम झालो, पुढे त्यांच्याच खुर्चीवर बसलो. शुक्रवारी भेटायला गेलो की विषय काढू द्यायचे नाहीत. "खलास! चहा पी," म्हणायचे.

निवृत्त होऊन गावी गेल्यावर चाचांनी अंथरूण धरल्याचं कळलं, तेव्हा मी लिहिलं:

"चाचा, आज साहेबांना खरं सांगितलं. त्यांनी नुसती माझी फाइल मागवली. माझं काय होईल ठाऊक नाही. तुमच्या नावावरची चूक पुसावी, असा अर्ज दिलाय. हुद्द्याचा रकाना तीनदा तपासला. मी सुट्टीवर येईन, इन्शाल्ला. तोवर बरे व्हा आणि किनाऱ्यावर उभे राहा. मला अजून पोहता येत नाही. तुमचा, इस्माईल तांडेल."