परबांच्या फाईलमधली न लिहिलेली ओळ

सुहास परब यांच्यावर आलेला ठपका माझा होता. हे वाक्य लिहायला मला अकरा वर्षे लागली, आणि तेही ते गेल्यानंतर... दीड महिन्यापूर्वी सकाळी संस्थेच्या व्हॉट्सॲप गटावर त्यांचा फोटो आला. हृदयविकाराने गेले. खाली कुणीतरी 'भांडार विभाग' एवढीच ओळख लिहिली होती. ती ओळख त्यांना मी दिलेली.

परळच्या आमच्या संशोधन संस्थेत परब कंत्राटी तंत्रसहायक म्हणून आले, तेव्हा प्रयोगशाळेतले बहुतेक सॉफ्टवेअर चोरीचे होते आणि त्याची आम्हाला लाजही नव्हती. परबांनी एकेक संगणक लिनक्सवर आणला. पत्रे, तक्ते, आलेख, सांख्यिकी, सारे काही कोणालाही तपासता येईल अशा मुक्त सॉफ्टवेअरवर. चहाच्या वेळी मी विचारायचो, "काय परब, आज काय फुकट आणलंत?" ते हसून म्हणत, "फुकट म्हणू नका सर, उघडं म्हणा. आत काय चाललंय ते दिसतं." त्यांची एक शिस्त होती. माहितीच्या प्रत्येक फाईलशेजारी 'बदल' नावाची साधी फाईल ठेवायची, आणि जो हात लावेल त्याने तीत आपले नाव, दिवस आणि केलेला फरक लिहायचा. मला ती कारकुनी वाटे.

एकदा घाईत मी रुग्णांचा तक्ता अँटॉप हिलच्या घरी नेला, माझ्याकडच्या चोरीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला आणि सेव्ह केला. रुग्णक्रमांकांपुढची शून्ये त्याने गुपचूप खाल्ली. '०४१७' आणि '४१७' ही दोन वेगळी माणसे होती. ती एक झाली. अशी कितीतरी. 'बदल'मध्ये मी काहीच लिहिले नाही. शोधनिबंध छापून आला आणि काही महिन्यांनी नामुष्कीने मागे घ्यावा लागला.

चौकशीच्या आदल्या दिवशी परब माझ्या खोलीत आले, दार लोटले. "सर, फाईल शेवटी कशात आणि कोणाच्या नावाने सेव्ह झाली, ते तिच्या पोटातच असतं. मी पाहिलंय. तुम्हीच सांगितलंत तर बरं होईल."

"तुमच्या कायम होण्याच्या कागदावर कोणाची सही लागते, तेही पाहिलंत ना?" मी हे अगदी हळू आवाजात म्हणालो. मी नेहमी हळूच बोलतो.

लोटलेले दार उघडून ते निघून गेले. समितीपुढे मी फुकटच्या सॉफ्टवेअरला दोष दिला, आणि कोणी विचारले नसताना पुढे म्हणालो, "यांच्या वडिलांनी संपात गिरणी घालवली, यांनी आमचा निबंध घालवला." सगळे हसले. परबही हसले... नोकरी हवी असलेला माणूस हसतो तसे. फाईल कोणी उघडून पाहिलीच नाही. ते कायम झाले, पण भांडारात, काचनळ्यांच्या खोक्यांत. पुढे संस्थेनेच परिपत्रक काढून मुक्त सॉफ्टवेअर सक्तीचे केले, तेव्हा त्यावरचे भाषण मी ठोकले. परब शेवटच्या रांगेत होते. नंतर जवळ येऊन म्हणाले, "चांगलं बोललात, सर." त्यात टोमणा असता तर मला बरे वाटले असते.

ते गेल्यावर मी जुन्या सर्व्हरवर तो फोल्डर उघडला. 'बदल' तशीच होती. शेवटची नोंद परबांची: "तक्ता बदललेला आहे. बदलणाऱ्याने नाव लिहिलेले नाही." मी त्याखाली माझे नाव लिहिले, पान छापले आणि करी रोडला त्यांच्या चाळीत गेलो.

खोलीत त्यांचे वडील एकटे होते. चाळीत सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मी कागद पुढे केला, काहीतरी पुटपुटलो. त्यांनी कानामागे हात धरला.

"माका वाचूक दिसणा नाय. मोठ्यान बोला. गिरणीतल्या मागांच्या खडखडाटात कान गेले माझे."

मी पुन्हा बोललो.

"अजून मोठ्यान!"

गॅलरीतले शेजारी दारात येऊन उभे राहिले. आणि मग मी, आयुष्यात पहिल्यांदाच, ओरडलो, "अण्णा, चूक माझी होती, सुहासची नव्हती! मी खोटं बोललो. तुमच्या संपावरून लोकांना हसवलं. मला माफ करा!"